चिंगी झोपली तेव्हा डोक्याशी मी होते

सुरुवातीलाच सांगून टाकते, हा लेख माझ्याकडे मागितलेला नाही. संपादकांनी तो आमच्या सर्जनकडे, शिरीषकडे मागितला होता. 'अत्यवस्थ कुत्र्यांची ऑपरेशनं' असा विषय. शिरीषला वेळ नव्हता. तो म्हणाला, "सुनंदाला विचारा, ती छान चिडून लिहील." मग संपादकांचा मला फोन आला आणि बोलता बोलता त्यांनी विचारलं, "मॅडम, डॉक्टरांचा एखादा फोटो मिळेल का छापायला?"

कुठल्या डॉक्टरांचा, हे विचारायची गरजच नव्हती.

मी म्हटलं, लिहीन, पण फोटो माझा छापायचा आणि मजकूर कापायचा नाही. ते म्हणाले, फोटोचं जमेल, मजकुराचं बघू. मी फोटो लहान केला तरी चालेल म्हटलं, तेव्हा मजकूर सुटला. भाव कसा करायचा हे मला लालबागच्या मसाल्याच्या डंकावर कळलं. माझे वडील दुसऱ्याच्या डंकावर मिरच्या कुटायचे आणि मी शाळा सुटल्यावर गल्ल्याशेजारी बसून बायकांशी हुज्जत घालायचे. तिथे दोन गोष्टी शिकले. समोरच्याचं तोंड बोलत असताना त्याच्या हाताकडे बघायचं, आणि आपण पहिला आकडा सांगायचा नाही.

पुढे परळच्या कॉलेजातून मी जनावरांची डॉक्टर झाले. शिरीष माझ्याच वर्गातला. गिरगावातल्या जुन्या घराण्यातला, आजोबा-पणजोबा वकील, घरात इंग्रजी पेपर आणि चांदीचं अत्तरदाण. तोही सर्जन व्हायचं म्हणत होता, मीही म्हणत होते. आम्हाला शस्त्रक्रिया शिकवणाऱ्या सरांना हाताखाली एकच जण हवा होता. सरांनी आम्हा दोघांना एकेका कुत्रीला टाके घालायला लावले, दोन्ही टाक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शिरीष, तू कापशील. सुनंदा, तुझी नजर चांगली आहे आणि तुला ओरडता येतं. तू भुलेकडे उभी राहा."

माझे टाके वाईट नव्हते. आजही सांगते, वाईट नव्हते.

तेव्हापासून आम्ही एकाच टेबलाभोवती काम करतो आहोत. तो मध्यभागी, दिव्याखाली. मी डोक्याशी, स्टुलावर. ते स्टूलसुद्धा माझंच आहे. चर्नी रोडजवळचं एक जुनं नर्सिंग होम बंद होत होतं, तिथून मी औषध थेंबाथेंबाने सोडणारे पंप आणले, आणि मालक घासाघीस करून इतका दमला की स्टूल मीच उचललं तरी काही बोलला नाही. दादरला शिरीषचं हॉस्पिटल आहे. मी मात्र कुठल्याच हॉस्पिटलची नाही. माहीम, परळ, गिरगाव, जिथे बोलावतील तिथे माझी बॅग, माझे पंप आणि मी.

आता माझं काम काय, ते सांगते. कारण लोकांना वाटतं एक सुई टोचली, कुत्रं झोपलं, झालं.

धडधाकट कुत्र्याच्या बाबतीत ते जवळजवळ खरं आहे. पण जे कुत्रं अत्यवस्थ आहे, ज्याच्या पोटात पू आहे किंवा रक्त साचलंय, जठर फुगून पिळलंय, त्याला भूल देणं म्हणजे आधीच हलणारी शिडी धरून वर कुणाला तरी काम करू देणं. आमच्या चाळीत नळाला दाब नसला की सगळ्यात आधी वरच्या मजल्यावरची माणसं ओरडायची. शरीराचंही तसंच. रक्ताचा दाब उतरला की आधी मूत्रपिंडं कोरडी पडतात, मग आतडी, मग बाकीचं. आणि भुलेची औषधं काय करतात? सगळे पाइप सैल करतात. म्हणजे उरलेला दाबही जातो. सर्जनने सुरी लावायच्या आधीच कुत्रं जाऊ शकतं, आणि गेलं तर घरी सांगतात, "भूल सोसली नाही." सर्जन सोसला नाही असं कुणी म्हणत नाही.

म्हणून मी आधी पाणी भरते. सलाइन. इथे लोकांचा दुसरा गैरसमज. बाटली लावली की ताकद येते, असं त्यांना वाटतं. माहीमच्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, "मॅडम, पिवळी बाटली लावा ना, ती जास्त पॉवरची असते." दुसऱ्या एका बाईंनी शेजारच्या पिंजऱ्यातल्या बोक्याची बाटली मोठी आहे म्हणून माझ्याशी भांडण काढलं होतं. खरं म्हणजे आजारी कुत्र्याला पाणी कमी पडलं तर मरतं आणि जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसात उतरून ते आतल्या आत बुडतं. म्हणून थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं. हिरडी दाबून सोडली की रंग किती पटकन परततो. मांडीच्या आतली नाडी बोटाला ढकलते का नुसती शिवते. पाय गार आहेत का. लघवी झाली का. मग आणखी थोडं. मला हे आपसूक येतं, कारण हा शेवटी सौदाच आहे. मी किती देते, शरीर किती घेतं.

आणि दुसरा सौदा शिरीषशी. तो हात धुऊन उभा असतो. "घेऊ का?" "नाही." "सुनंदा, गर्भाशय फुटेल." "फुटलं तर तू शिवशील. दाब गेला तर मी काय शिवू?" मी अर्धा तास मागते म्हणजे मला वीस मिनिटं हवी असतात. हे त्याला इतक्या वर्षांत कळलेलं आहे, तरी तो दर वेळी पंधरापासून सुरू करतो.

कुत्रं वाचतं. मग बाहेर काय होतं ते बघा. शिरीष टोपी काढतो. केस त्याचे अजून दाट आहेत, पांढरे झालेत तेही नेमके कानाशी, जिथे शोभतात. तो हळू आवाजात सांगतो, "जगेल." बायका रडतात, पुरुष त्याचे हात धरतात. फोटो काढतात. पुढे महिनाभर पाहुण्यांना कुत्र्याचं पोट दाखवून सांगतात, बघा टाके, ओळखूसुद्धा येत नाहीत. माझ्या कामाचा व्रण राहत नाही. राहिला तर समजा चुकलं. पायावर सुईसाठी केस कापलेले असतात तेवढा एक चौकोन, आणि तो बघून एका आजोबांनी मला विचारलं होतं, "हे उंदराने कुरतडल्यासारखं कुणी केलं?"

माणसांचं सोडा. कुत्री! शुद्धीत असताना शेवटचं जी टोचते ती मी. शुद्धीवर आल्यावर नळी ओढून काढणारी, जीभ ओढणारी, पापणीला बोट लावणारी ती मी. शिरीष त्यानंतर येतो, कोमट हातांनी, आणि शेपटी हलते. त्याच्यासाठी. माझ्यावर गुरगुरतात. हे मला सगळ्यात जास्त लागतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ऐकून लोक हसतील.

आता चिंगीची गोष्ट. ज्या काकूंबद्दल लिहिते आहे त्यांची परवानगी घेतली आहे. त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, खरं नाव छापायचं नाही. त्यांना मी पेडणेकर काकू म्हणते. दुसरी अट योग्य जागी सांगेन.

चिंगी लालबागच्या एका चाळीतली गावठी कुत्री, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडका. पेडणेकर काका-काकूंनी तिला पिल्लू असताना जिन्याखालून उचललं. काका सरकारी हापिसातून निवृत्त, तोंडाने कडक. चिंगी वयात आली तेव्हापासून ते म्हणत होते की पिल्लं होऊ नयेत म्हणून तिचं ऑपरेशन करून घेऊ. काकू म्हणायच्या, मुक्या जीवाला कशाला कापायचं? राहिलं. मग चिंगीच्या गर्भाशयात पू झाला. ते ऑपरेशन न केलेल्या कुत्र्यांमध्ये वय झालं की हे होतं. तीन दिवस तिने काही खाल्लं नाही, पाण्याला तोंड लावलं नाही. सोनोग्राफीत पोटात पुवाने भरलेल्या दोन नळ्या दिसल्या. काकांनी दवाखान्यात, सगळ्यांसमोर, बायकोला म्हटलं, "बघ. तुझ्या दयेने काय केलं बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. शिरीषने काकांना सांगितलं की पोट रिकामं हवं, काही द्यायचं नाही. काकांनी घरी बजावलं.

सकाळी चिंगीला चादरीत गुंडाळून आणलं. मी हिरड्या बघितल्या. विटेसारख्या मळकट लाल. नाडी धावत होती पण बोटाला ढकलत नव्हती. पाय गार. साखर तपासली, ती कमी. मी दोन्ही पायांत सुया लावल्या, कोमट सलाइन सोडलं, साखर दिली, प्रतिजैविक दिलं. शिरीष म्हणाला, "घेऊ का?" मी म्हटलं, "पाऊण तास." तो म्हणाला, "वीस मिनिटं." मी म्हटलं, "जा, चहा पिऊन ये," आणि तो गेला, कारण माझा आवाज चढला होता.

मग मी चिंगीच्या तोंडाशी वाकले. तिच्या पडक्या कानाच्या बाजूला, ओठाच्या केसांवर पांढरं काहीतरी वाळलं होतं. मी बोटाने खरवडलं. बोटाखाली एक कण कचकन वाजला. साखर.

काका बाहेर फॉर्मवर सही करत होते. काकू दारात उभ्या होत्या. त्या मालवणच्या बाजूच्या, आमचंही मूळ तिथलंच. शुद्ध मराठीत विचारलं असतं तर शुद्ध मराठीत खोटं उत्तर आलं असतं. मी दार लोटून घेतलं.

"काकू, खरा सांगा. चिंगीक काय दिल्यात?"

"काय एक नाय गो. ह्यांनी सांगितलेला मा, पोट रिकामा ठेवा."

"मगे ह्या काय?"

त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. पदराचं टोक त्या हातात गोळा करत होत्या.

"ता काय खाणा नाय गो. घरातून भायर पडताना दही-साखर लावलंय तोंडाक. शकुनाचा."

मोठ्या कामाला निघताना हातावर दही-साखर. आमच्याकडे परीक्षेला जाणाऱ्या पोराला देतात, मुलाखतीला जाणाऱ्याला देतात. मलाही आईने दिलेलं आहे. ते कुणी खाण्यात धरत नाही. उपासालासुद्धा कुणी हिशोबात घेत नाही. काकूंनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी चिंगी उपाशीच होती.

"लावल्यात की दिल्यात?" मी विचारलं.

काकूंचे डोळे भरले. "तीन दिस झाले, तोंडात पाण्याचो थेंब नाय होतो. बोट लावलंय तर चाटल्यान. माझ्याकडे बघल्यान. माका वाटला, आता वाचतला. मगे वाटी पुढे केलंय."

"केवढी वाटी? चटणीची की आमटीची?"

"आमटीची."

इथे त्यांची दुसरी अट आली. दही घरी विरजलेलं होतं, म्हशीच्या दुधाचं, विकतचं नव्हतं, हे स्पष्ट छापायचं. छापलं.

ज्यांना यात काय बिघडलं असं वाटतं त्यांच्यासाठी सांगते. भूल दिली की गिळायची, खोकायची शक्ती जाते. पोटात काही असेल तर ते वर येतं आणि श्वासनळीत उतरतं. दही फुप्फुसात गेलं की कुत्रं कदाचित टेबलावरून जिवंत उतरेल आणि दोन-तीन दिवसांनी न्यूमोनियाने जाईल. मग थांबायचं का? थांबता येत नव्हतं. आतला पू थांबणार नव्हता.

आणि खरी अडचण वेगळीच होती. रक्ताभिसरण इतकं कमकुवत असलेल्या कुत्रीला झोपवायचं तर अगदी हळू. थेंबभर द्यायचं, वाट बघायची, पुन्हा थेंबभर. घाई केली तर हृदय बसतं. आणि पोट भरलेल्या कुत्रीला झोपवायचं तर झटकन, म्हणजे ती बेशुद्ध होते न होते तोच श्वासनळीत नळी टाकून वाट बंद करता येते. रेंगाळलं तर दही वर येतं. हळू आणि झटकन, दोन्ही एकाच कुत्रीत हवं होतं. हा भाव कुठल्या डंकावर शिकवत नाहीत.

काकूंनी माझं मनगट धरलं. "ह्यांका सांगा नको गो. आधीच म्हणतत तुझ्यामुळे झाला. चिंगी गेली तर मरेपर्यंत बोलतले."

"तुम्ही दुसरा काय दिला नाय मा? भात? गोळी?"

"देवाशपथ नाय."

"मगे मी सांगूचंय नाय. कोणाक नाय."

सौदा झाला. त्यांनी खरं दिलं, मी गप्प बसणं दिलं.

शिरीष चहा पिऊन आला. मी म्हटलं, "पोट रिकामं नाही, असं धरून चालते."

"काका म्हणाले उपाशी आहे."

"काका म्हणाले. चिंगी म्हणाली नाही."

"तुला कुणी सांगितलं?"

"मला आणखी दहा मिनिटं दे."

"म्हणजे पाच." पण त्याने दिली दहा.

त्या दहा मिनिटांत मी दाब जेवढा वर येईल तेवढा आणला. आणखी पाणी द्यायला मन धजेना, छातीत बारीक खरखर ऐकू यायला लागली होती. म्हणून पाणी कमी केलं आणि रक्तवाहिन्या आवळणारं औषध पंपावर अगदी बारीक सुरू केलं. नळ सोडण्यापेक्षा पाइप आवळला. चिंगीच्या तोंडाशी प्राणवायू धरला. शोषून घेणारी नळी हाताशी सुरू करून ठेवली. दत्ताराम नावाचे आमचे जुने कंपाउंडर आहेत, त्यांना सांगितलं, "डोकं उंच धरा, आणि मी सोडा म्हणेपर्यंत सोडू नका, मी शिव्या दिल्या तरी." ते म्हणाले, "मॅडम, शिव्यांशिवाय तुमची भूल मी पाहिलेलीच नाही."

आधी वेदनाशामक दिलं, इतकं की तिचं अंग सैल पडलं पण डोळे माझ्यावर होते. मग झोपेचं औषध, नेहमीच्या निम्म्याहून कमी, एका दमात. पापणी मिटली. जीभ ओढली, नळी टाकली, नळीभोवतीचा फुगा भरला. आणि फुगा भरला तेवढ्यात तिच्या घशातून दही आलं. पांढरंशुभ्र, जसंच्या तसं. नळीच्या बाहेरून आलं. श्वासाची वाट बंद झाली होती. क्षणभर उशीर झाला असता तर ते आत गेलं असतं.

"हे काय?" शिरीष दारातून म्हणाला, हात वर धरून.

"फेस."

"एवढा?"

"तू हात पुन्हा धू, दाराला लागले." लागले नव्हते.

मग त्याने पोट उघडलं. त्याच्याबद्दल वाईट लिहायची माझी इच्छा होती, पण त्या दिवशीचे त्याचे हात मी बघितले आहेत. पुवाने तट्ट फुगलेलं, पातळ कागदासारखं झालेलं गर्भाशय त्याने बाहेर घेतलं, जसं कुणी झोपलेलं बाळ मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर देतं. एक थेंब आत सांडला नाही. मला ते कधीच जमलं नसतं. हे लिहिताना माझे दात आवळलेले आहेत.

ते वजन पोटातून उचललं आणि दाब कोसळला. पायाला लावलेल्या यंत्रात नाडीचा फुस्स फुस्स आवाज येत असतो, तो एकदम बारीक झाला.

"थांब!"

"सुनंदा, मी आता इथे—"

"हात हलवू नकोस म्हटलं ना!"

तो थांबला. पुतळ्यासारखा, ते ओझं दोन्ही तळव्यांवर धरून. मी भुलेचा वायू जवळजवळ बंद केला, पंप वाढवला, पाण्याचा एक घोट सोडला. आवाज परत येईना. मी चिंगीच्या उभ्या कानात काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. मग फुस्स. पुन्हा फुस्स. मग रुंद, ओला, भरलेला आवाज.

"चालू कर," मी म्हटलं.

त्याने चालू केलं.

चिंगी जगली. शिरीषने बाहेर जाऊन टोपी काढली वगैरे. काकांनी त्याचे हात धरले. मी आत बसून चिंगीच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होते. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. खरखर वाढते का, ताप येतो का. आला नाही.

पुढे त्यांच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा होती. काकांनी शिरीषचा सत्कार ठेवला. मलाही निरोप होता, शिरीषच्या मार्फत. मी जाणार नव्हते. मग दोघांना एकत्र बघून नक्की कोण काय करतं हे कळेल चाळीला, म्हणून गेले. इस्त्रीची साडी नेसून गेले.

अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, माइक होता. काकांनी भाषण केलं. "डॉक्टरसाहेबांनी आमच्या चिंगीला मृत्यूच्या दाढेतून ओढून काढलं." शिरीषला शाल, श्रीफळ. टाळ्या. मग काका म्हणाले, "आणि त्यांच्या असिस्टंट बाईही आल्यात," आणि मला एक गुलाब मिळाला. देठाला चंदेरी कागद गुंडाळलेला.

शिरीष उठला आणि म्हणाला, "काका, ह्या असिस्टंट नाहीत, ह्या डॉक्टर आहेत. ह्या नसत्या तर..." पण तेवढ्यात माइकने किंकाळी मारली आणि लोक हसले. काका म्हणाले, "हो हो, मग बाई, तुम्ही पण दोन शब्द बोला. म्हणजे तुम्ही नेमकं काय करता ते."

माइक माझ्या हातात आला.

आता बघा माझी पंचाईत. मी नेमकं काय केलं हे सांगायचं तर दही सांगावं लागत होतं. दह्याशिवाय माझी गोष्ट म्हणजे नुसती सुई. दही सांगितलं की अख्खी चाळ माझ्याकडे बघेल, शिरीषच्या शालीकडे नाही. पहिलं वाक्य तयार होतं माझ्या तोंडात, चांगलं वाक्य होतं. आणि चाळीच्या पहिल्या दारात पेडणेकर काकू उभ्या होत्या, हातात प्रसादाचं पातेलं, पळी पातेल्याच्या काठावर थांबलेली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. काकांकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "मी भूल देते. कुत्रं झोपतं. डॉक्टर ऑपरेशन करतात. कुत्रं उठतं."

आणि माइक परत दिला. छोटं भाषण म्हणून मला शिरीषपेक्षा जास्त टाळ्या पडल्या, एवढंच.

पळी हलली. काकूंनी मला प्रसाद दिला तो द्रोण भरून सांडेपर्यंत.

जिन्याशी शिरीष शाल घडी करत उभा होता. मी प्रसाद खात होते. तो हळूच म्हणाला, "दही होतं ना ते?"

मी द्रोणातून मान वर केली.

"मी चहा पिऊन येत होतो तेव्हा काकू तुझ्याकडून बाहेर पडत होत्या. पदराला लागलेलं होतं. नंतर काकांनी मला विचारलं, तोंडातून पांढरं काय आलं, टॉवेलला दिसतंय. मी सांगितलं, फेस आहे."

"मग मला का नाही बोललास?"

"तू म्हणालीस फेस. म्हणजे फेस."

मला इतका राग आला की द्रोण हातात चेपला गेला. अख्ख्या प्रकरणात एक गोष्ट फक्त माझी होती. टाके त्याचे, शाल त्याची, चिंगीची शेपटी त्याची. गप्प बसणं तेवढं माझं. तेही त्याने केलेलं होतं. मी तर शब्दाला बांधलेली होते, सौद्यात खरं घेऊन बसले होते. त्याने काहीच घेतलं नव्हतं. असाच गप्प बसला होता, फुकट, केसांसारखं सहज.

"शाल धर," तो म्हणाला. "मला गरम होतंय."

"नको मला तुझी शाल."

"धर तर. हात भरलेत माझे." श्रीफळ होतं त्याच्या हातात. मी धरली. अजून माझ्याकडेच आहे, परत मागितली नाही त्याने. हेही मला आवडलेलं नाही.

आता काकांना सगळं माहीत आहे. काकूंनी स्वतःच एक दिवस सांगून टाकलं. परवानगीसाठी फोन केला तेव्हा मला म्हणाल्या, "आठवडाभर बोलूक नाय माझ्याशी. बरा झाला, शांत गेलो आठवडो."

पण पूजेच्या दिवसाचं राहिलं. आम्ही निघालो तेव्हा चिंगी काकूंच्या खोलीतून बाहेर आली. पोटावरचे केस वाढायला लागले होते. तिने शिरीषला पाहिलं आणि तिची शेपटी इतकी हलली की मागचा अर्धा देह हलला. शिरीष खाली बसला, तिने त्याचं तोंड चाटलं, पोरांनी फोटो काढले. मग ती माझ्याकडे वळली. पडका कान मागे गेला. पुढचे पाय रोवून ती गुरगुरायला लागली.

"ए चिंगे! गप!" काका ओशाळले. "माफ करा हं बाई. असं कुणावर करत नाही ती. तुम्हालाच काय म्हणून करते कळत नाही."

मी खाली वाकले, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि कान दिला. गुरगुर खोल होती, सलग होती, मध्ये कुठे तुटत नव्हती, दम लागत नव्हता. तळाशी खरखरीचा मागमूस नव्हता. असं गुरगुरायला दोन्ही फुप्फुसं साफ लागतात.

"करू दे, काका," मी म्हटलं. "ओळखते ती मला."